नंदी मागं का राहिला? उगमकथा वाचायच्या कशा

औंढ्याला गेलात तर आधी नंदी शोधा. महादेवाच्या देवळात नंदी दारासमोर, पिंडीकडं तोंड करून बसलेला असतो हे आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं आहे की आपण तिकडं लक्षही देत नाही. औंढा नागनाथला मात्र नंदी देवळाच्या मागच्या अंगाला आहे. लहानपणी परभणीहून एसटीनं आम्ही तिथं जायचो, तेव्हा मावशी मला दर्शनाआधी हाताला धरून मागं न्यायची, नंदीपुढं उभं करायची आणि विचारायची, "सांग बरं लेकरा, हा इथं का बसलाय?" उत्तर मला पाठ असायचं. तरी ती पुन्हा सांगायचीच.

नामदेव महाराज देवासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना अडवलं, उठवलं. नामदेव काही न बोलता देवळाच्या मागं गेले आणि तिथं बसून भजन करू लागले. तेव्हा सगळं देऊळच गर्रकन फिरलं. पूर्वेचं दार पश्चिमेला आलं, देव नामदेवांच्या समोर आला, आणि नंदी तेवढा जागच्या जागी राहिला. गोष्ट संपली की मावशी हमखास एक वाक्य जोडायची, "देव फिरला माय, मानसं कुठं फिरली?"

अशा गोष्टी मराठवाड्यात पावलोपावली सापडतात. गावाचं नाव कसं पडलं, डोंगराला भोक का आहे, देवीचा नुसता मुखवटाच का पुजतात, अमुक घराण्याला पहिला मान का, या सगळ्याला एकेक गोष्ट आहे. अभ्यासक त्यांना उगमकथा म्हणतात. जुन्या पोथ्यांत त्यांनाच स्थळपुराण किंवा माहात्म्य असं नाव आहे. या कथांकडं बघायच्या दोनच रीती आपल्याकडं रूढ झाल्यात. एक म्हणजे हात जोडून सगळं अक्षरशः खरं मानायचं. दुसरी म्हणजे भाकडकथा म्हणून झटकून टाकायचं. दोन्हीकडून गोष्ट हातची जाते. मला तिसरी रीत सांगायची आहे. गोष्ट कशाला चिकटली आहे ते बघायचं, आणि ती कुणाच्या बाजूनं बोलते ते ऐकायचं.

गोष्ट डोळ्यांसमोरच्या वस्तूपासून सुरू होते

औंढ्याच्या कथेत आधी काय आलं असेल? आधी नंदी. देवळाची मोडतोड झाली असेल, पुन्हा बांधताना रचना बदलली असेल, किंवा मुळातच ती वेगळी असेल. कारण काहीही असो, येणाऱ्याजाणाऱ्याला खटकणारी एक गोष्ट तिथं होती. जे खटकतं त्यालाच कथा फुटते. सगळं जागच्या जागी असतं तिथं सांगायला काही उरत नाही.

पण नंदी मागं का, याला हजार उत्तरं देता आली असती. नंदी रुसला, राक्षसानं उचलून नेला, राजाला स्वप्न पडलं, काहीही. लोकांनी निवडलं ते नामदेवांचं उत्तर. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव मानतात, औंढ्यापासून फार लांब नाही. शिंपी समाजातल्या या संतानं ज्यांना देवासमोर उभं राहू दिलं जात नव्हतं त्यांचं दुःख बोलून दाखवलं होतं. नंदीनं प्रश्न विचारला आणि माणसांनी आपल्या मनातलं सर्वांत जुनं ठसठसणारं उत्तर दिलं: पुढं कुणी बसायचं आणि मागं कुणी.

ही गोष्ट किती जुनी आहे याचा एक भक्कम पुरावा आपल्याच शेजारी आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. आदिग्रंथाचं, म्हणजे याच ग्रंथाच्या मूळ रूपाचं, संकलन १६०४ साली झालं. त्यातल्या एका पदात नामा म्हणतो की हसतखेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत असताना मला धरून उठवलं, मग कांबळं उचललं आणि देवळाच्या मागं जाऊन बसलो. शेवटी देऊळ नाम्याकडं फिरतं आणि पंडितांकडं पाठ होते. त्या पदात औंढ्याचं नाव कुठंही नाही, नुसता 'देहुरा' आहे. पदातली कथा आणि औंढ्याचा नंदी एकमेकांना कुठंतरी भेटले आणि घट्ट जोडले गेले. ते कांबळं मला फार महत्त्वाचं वाटतं. चमत्काराच्या कथेत कांबळं उचलून घ्यायची आठवण ठेवणारा माणूस अपमान आतून ओळखणारा असतो.

हीच कथा कर्नाटकात उडुपीला आहे. संतकवी कनकदास हे कुरुबा, म्हणजे आपल्याकडच्या धनगरांसारख्या समाजातले. त्यांना आत घेतलं नाही, ते देवळाच्या मागच्या बाजूला उभे राहून गाऊ लागले, भिंतीला भेग पडली आणि कृष्णाची मूर्ती वळून त्यांच्याकडं बघू लागली. तिथंही डोळ्यांना खटकणारी वस्तू आहेच, मूर्तीचं तोंड पश्चिमेला आहे. तिसरी कथा गुरू नानकांची. मक्केत ते पाय पसरून झोपले, लोक रागावले, त्यांचे पाय दुसरीकडं वळवले तर मक्काच पायांच्या दिशेनं फिरली. आणि चौथी पुन्हा औंढ्याचीच. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले, नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तर जिथं पाय ठेवावेत तिथं पिंडी. दक्षिणेतून उत्तरेत आणि उत्तरेतून दक्षिणेत चालत गेलेल्या फकीर, वारकरी, गोसाव्यांच्या झोळीत या गोष्टी असायच्या. कुठली आधीची, हे शोधत बसण्यापेक्षा इतक्या ठिकाणच्या माणसांना देव फिरवावासा का वाटला, हे मला जास्त सांगून जातं.

कळसापासून पायाकडं, आणि दगड झालेलं वऱ्हाड

वेरूळचं कैलास लेणं घ्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात ते कोरलं गेलं. आपल्याला शाळेत शिकवतात की हे लेणं 'आधी कळस मग पाया' अशा रीतीनं, वरून खाली खोदत आणलं. आता कथा ऐका. राजा आजारी पडला. राणी माणिकावतीनं घृष्णेश्वराला नवस केला, राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला. कारागीर बोलावले, पण ते म्हणाले की कळस दिसायला वर्षं जातील. राणीचं काय होणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढं आला. तो म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. त्यानं डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू केलं, आधी कळसच घडवला, आणि राणीनं उपास सोडला. या लेण्याला माणकेश्वर हे नाव त्यावरूनच.

या कथेनं काय केलं बघा. इंजिनिअरिंगची एक अवघड गोष्ट तिनं एका बाईच्या पोटातल्या भुकेला बांधून ठेवली. उभ्या बेसाल्टमध्ये वरून खाली उतरत गेलं तर परांची लागत नाही, आणि कारागीर शेवटपर्यंत न फोडलेल्या खडकावरच उभा राहतो. हे तंत्र विसरून जायला दोन पिढ्या पुरल्या असत्या. राणीचा उपास मात्र कुणी विसरलं नाही, आणि उपासाबरोबर तंत्रही टिकलं. कारागीर पैठणचा होता, ही आठवणही.

अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, कोकणस्थांची कुलदेवता. मराठवाड्याच्या मध्यावर कोकणातल्या लोकांची कुलदेवता कशी, हा प्रश्न पडतोच. कथा सांगते की देवी मूळची कोकणातली, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड घेऊन आली, पण मुहूर्त टळला. लग्न राहिलं, देवी कुमारिकाच राहिली आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. अंबाजोगाईच्या लेण्यात दगडी हत्ती उभे आहेत, तेच त्या वऱ्हाडातले. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात स्टँटन ड्रू नावाचं गाव आहे, तिथं हजारो वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या शिळांची वर्तुळं आहेत. तिथले लोक सांगतात की शनिवारी लग्न होतं, वाजवणारा मध्यरात्रीनंतरही थांबला नाही, रविवार लागला तरी सगळे नाचत राहिले आणि नवरानवरीसकट दगड झाले. त्या गावाचा आणि अंबाजोगाईचा काडीचाही संबंध नाही. पण उभे दगड लांबून पाहिले की घोळका दिसतो, आणि घोळका म्हटलं की माणसाला लग्न आठवतं. इथं कथेला प्रवास करायची गरजच पडली नाही.

माहूरच्या रेणुकेचा नुसता मुखवटा आहे. परशुरामाला सांगितलं होतं की आई जमिनीतून वर येईल, तोवर मागं वळून बघू नकोस. लेकराला धीर निघाला नाही. त्यानं मागं पाहिलं आणि तोवर मुखच बाहेर आलं होतं. ग्रीकांचा ऑर्फिअस बायकोला पाताळातून आणताना मागं बघतो आणि ती कायमची जाते. बायबलमध्ये लोटची बायको जळत्या शहराकडं वळून बघते आणि मिठाचा खांब होते. मृत समुद्राकाठी मिठाच्या टेकडीवर तो खांब आजही दाखवतात. तिन्हीकडं बंदी तीच, मागं बघू नको. माहूरची कथा मला त्यांतली सर्वांत मायेची वाटते, कारण इथं मागं बघणारा मुलगा आहे आणि त्याच्या अधीरपणाची शिक्षा म्हणून आई नाहीशी होत नाही. जेवढी वर आली तेवढी राहते.

माहूरचीच आणखी एक गोष्ट गोंधळी सांगतात. परशुरामानं बेटासुराला मारून त्याच्या शिराचं वाद्य केलं आणि ते वाजवत आईपुढं गेला, तोच पहिला गोंधळ. वाद्याच्या जन्माला असा एक मेलेला जीव बऱ्याच ठिकाणी लागतो. ग्रीकांच्या हर्मीस देवानं कासवाच्या पाठीची वीणा केली होती.

नावाला दोन गोष्टी असल्या तर नाव आधीचं

तुळजापूरची देवी कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिच्या हाकेला त्वरेनं धावून आली. म्हणून त्वरिता, त्वरिताची तुरजा, तुरजाची तुळजा. धाराशिवचं नाव धारासुरावरून पडल्याचं सांगतात. खुलदाबादच्या एका अवलियाला 'जर जरी जर बख्श' म्हणतात, म्हणजे सोनं वाटणारा, आणि तिथली विहीर दाखवून सोन्याची गोष्ट सांगितली जाते. देऊळ असो की दर्गा, नाव ऐकलं की माणसाचं मन त्याची फोड करायला लागतं. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. भाषाशास्त्र तिला क्वचितच मान्यता देतं, पण तिच्यातून एक उपयोगी नियम निघतो. एकाच नावाला दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या, तर नाव दोन्ही गोष्टींहून जुनं असतं आणि सांगणाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो.

सातवाहन या नावाचं अगदी असंच झालंय. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागर लिहिला. त्यात सात नावाचा एक यक्ष सिंहाचं रूप घेतो, त्याच्या पाठीवर बसलेलं बाळ राजाला सापडतं, म्हणून त्याचं नाव सातवाहन. चौदाव्या शतकातला जैन आचार्य जिनप्रभसूरी दुसरंच सांगतो. पैठणचा हा मुलगा सवंगड्यांना मातीचे हत्ती, घोडे, रथ करून द्यायचा. वाहनं देणारा, म्हणून सातवाहन. सातवाहनांचं राज्य जाऊन एक हजार वर्षं होत आली होती आणि त्यांच्या नावाचं काय करावं हे कुणालाच कळत नव्हतं.

पैठणची माती

आता पैठणला थोडा वेळ बसू, कारण इथली कथा सगळ्या महाराष्ट्राच्या दारावर दरवर्षी उभी राहते.

गोदावरीवर पाणी आणायला गेलेल्या एका ब्राह्मण विधवेवर डोहातल्या शेष नागाचं मन बसलं. तिला दिवस गेले. भाऊ सोडून गेले, गावानं बोट दाखवलं. एका कुंभारानं तिला आसरा दिला. मुलगा कुंभारवाड्यात वाढला, मातीचे शिपाई, घोडे, हत्ती करून खेळायचा. उज्जैनचा विक्रमराजा सैन्य घेऊन चालून आला तेव्हा या पोरानं, म्हणजे शालिवाहनानं (सातवाहनाचंच हे लोकांच्या तोंडी बसलेलं नाव), मातीच्या सैन्यावर पाणी शिंपडलं आणि ते जिवंत झालं. विक्रम हरला. नर्मदा ही सीमा ठरली, तिच्या उत्तरेला विक्रम संवत आणि दक्षिणेला शालिवाहन शक. विजयाचा दिवस तो पाडवा, म्हणून गुढ्या.

हिशेब केला तर गोष्ट टिकत नाही. विक्रम संवत इ.स.पू. ५७ पासून मोजतात, शक इ.स. ७८ पासून. दोघांत १३५ वर्षांचं अंतर. आपापल्या संवताच्या पहिल्या वर्षी राज्य करणारे दोन राजे एका रणांगणावर येणार कसे? शिवाय 'शक' हे तर परक्यांचं नाव. बदामीच्या चालुक्यांचा इ.स. ६३४ चा ऐहोळे शिलालेख हा काळ शक राजांचाच म्हणून मोजतो. शालिवाहनाचं नाव त्याला कित्येक शतकांनी, मध्ययुगात चिकटलं. बहुतेक इतिहासकार या कालगणनेची सुरुवात कुशाण किंवा क्षत्रप राजांकडं नेतात. भारत सरकारनं १९५७ साली राष्ट्रीय पंचांग म्हणून स्वीकारली ती हीच गणना.

मग गोष्ट फेकून द्यायची का? थांबा. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, ती सांगते की त्यानं शक, यवन, पल्हवांचा नाश केला, क्षहरात या शक घराण्याचा वंश संपवला आणि सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं केलं. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथं १९०६ साली नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी. ती क्षहरात राजा नहपानाची होती आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची खूण. उत्तरेकडून आलेल्या सत्तेला पैठणच्या राजानं मागं रेटलं होतं, ही आठवण खरी आहे. तारखा, नावं, शत्रू यांची सरमिसळ झाली, पण रेटा कोणत्या दिशेनं होता ते कथेनं चुकवलं नाही.

आणि माती? तेरला, धाराशिव जिल्ह्यात, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे. तिथं सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती बघायला मिळतात. दोन साच्यांत माती दाबून पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढायचा आणि मग जोडायचा, अशी ती रीत. नीट पाहिलं तर कडेला जोडाची रेघ दिसते. काही मूर्तींचे केस, दागिने इतके बारीक आहेत की काचेला नाक लावून बघावं लागतं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं अंतर दिलंय. पुढं हेच तेर गोरोबाकाकांचं गाव झालं, आणि ते कुंभार. ज्या मुलखाची सगळ्यांत नावाजलेली कला मातीची, त्या मुलखानं आपला राजा कुंभाराच्या घरात वाढवला, यात मला तरी नवल वाटत नाही.

बापाचा पत्ता नसलेला मुलगा राजा होतो, ही कथा जगभर आहे. रोमच्या रोम्युलसची आई देवळातली व्रतस्थ कुमारिका, बाप म्हणे मार्स देव, आणि पोरं नदीत सोडून दिलेली. अक्कदचा सारगॉन टोपलीतून वाहत येतो आणि पाणी शेंदणारा एक माणूस त्याला वाढवतो. आपला कर्णही तसाच. नव्या राजाला मोठं कूळ दाखवता येत नाही तेव्हा कथा त्याला देवाचं किंवा नागाचं कूळ देते, आणि वाढवायला मात्र साधं घर देते. म्हणजे राजाही त्याला आपला मानतात आणि कुंभारही. सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची नावं लावत. आईच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या मुलाच्या कथेशी याचा धागा जोडायचा मोह होतो, पण तो मी सैलच ठेवतो.

गोष्ट म्हणजे सनद

ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. तिथल्या लोकांची कथा अशी की चार कुळांचे प्राणी जमिनीतल्या एका भोकातून वर आले. कुत्र्याचं कूळ तेव्हा वरचढ होतं. पण कुत्र्यानं एक हलकं समजलं जाणारं फळ हुंगून खाल्लं. डुक्कर म्हणालं, तू घाण खाल्लीस, आता सरदार मी. तेव्हापासून डुकराचं कूळ मोठं. मॅलिनोव्स्कीच्या लक्षात आलं की बेटावर जमीन, मान, हक्क यांचा वाद निघाला की लोक ही गोष्ट पुढं करतात, आपण सातबारा काढावा तशी. त्यानं अशा कथेला सनद म्हटलं.

आपल्याला हे समजायला बेटावर जायला नको. तुळजापूरला नवरात्राआधी आणि नंतर देवी पलंगावर निद्रा घेते. तो पलंग आणि पालखी अहिल्यानगर जिल्ह्यातून येतात, आणि ते आणायचा मान ठरलेल्या घराण्यांचा. मान का, असं विचारलं की उत्तर म्हणून कागद येत नाही, गोष्ट येते. गावच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा यावरून तंटा झाला की म्हातारी माणसं जे सांगायला बसतात तेही हेच.

राजेही याला अपवाद नव्हते. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, लट्टलूरचे धनी. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं बहुतेक अभ्यासक मानतात. देवगिरीचे यादव मात्र 'द्वारावतीपुरवराधीश्वर', थेट श्रीकृष्णाच्या द्वारकेचे. एका बिरुदात पाय जमिनीवर आहेत, दुसऱ्यात पुराणात. रोमन लोकांनी आपलं मूळ जळालेल्या ट्रॉयमध्ये नेलं. जपानचे सम्राट सूर्यदेवतेपासून. मेक्सिकोच्या अझ्टेकांना देवानं सांगितलं होतं की निवडुंगावर गरुड बसलेला दिसेल तिथं वसा, आणि तो गरुड आज त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे.

सनद एकानं लिहिली की दुसरा उलटी सनद लिहितो. पुराणात वामनानं बळीला पाताळात घातलं, ही देवांची बाजू. पण दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं ओवाळताना बायका म्हणतात ते 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो'. ज्याला गाडलं त्याचंच राज्य परत यावं, असं लोक वर्षानुवर्षं मागत आलेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हाच धागा उचलला. बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, खंडोबा, म्हसोबा, जोतिबा हे त्याचे अधिकारी, आणि अवतारांच्या कथा म्हणजे जिंकणाऱ्यांची बाजू, अशी सगळी मांडणी त्यांनी उलटून दाखवली. इतिहास म्हणून तिला पुरावा मिळत नाही. पण कथा सनद असते हे फुल्यांनी मॅलिनोव्स्कीच्या पन्नास वर्षं आधी ओळखलं होतं, आणि ओळखून स्वतःची सनद लिहिली. मला ते फार मोठं काम वाटतं.

कथा साक्ष देते का?

कधी देते, कधी नाही. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, आमच्या शिवेला लागून. लवणासुर तिथं जमिनीखाली राहायचा, विष्णूनं वरचं झाकण उडवून त्याला मारलं, म्हणून एवढा खड्डा आणि म्हणून खारं पाणी. खरं कारण उल्कापात, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. 'आभाळातून काहीतरी पडलं हे पूर्वजांना ठाऊक होतं' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कथेत आभाळातून काही पडतच नाही. तिनं दिसणारा खड्डा आणि जिभेला लागणारं मीठ एवढंच घेतलं.

ऑस्ट्रेलियात टनोराला नावाचं असंच विवर आहे. तिथले आदिवासी सांगतात की आकाशगंगेत बाया नाचत होत्या, एकीनं बाळाची लाकडी परात कडेला ठेवली, ती घसरून खाली पडली आणि हा डोंगर झाला. इथं आभाळातून पडणं आहे. पण तो आघात १४ कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. हा अंदाज जुळला तो डोंगराच्या आकारावरून.

उलट अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये क्लॅमथ लोकांची कथा आहे. पाताळाचा आणि वरच्या जगाचा असे दोन देव लढले, आग बरसली, डोंगर कोसळून आत गेला आणि तिथं तळं झालं. माउंट मझामा हा ज्वालामुखी साधारण ७,७०० वर्षांपूर्वी खरोखर तसाच कोसळला. तिथल्या एका गुहेत त्याच्या राखेच्या थराखाली माणसांनी विणलेल्या चपला सापडल्या. म्हणजे बघणारी माणसं होती. साक्ष धरायची तर एवढं तरी लागतं: बघणारा माणूस, आणि नुसत्या आकारावरून सुचणार नाही असा घडण्याचा क्रम.

तुमच्या गावातही एखादी अशी गोष्ट असेलच. ती उतरवून घ्या, आणि सांगणारं माणूस सांगेल तशीच घ्या, सुधारू नका. मोबाईलवर आवाज टिपून ठेवा. गोष्ट कुणी सांगितली, कोणत्या आळीत, कोणत्या सणाला आणि त्यांना ती कुणाकडून मिळाली, हे सोबत लिहा. मग तीच गोष्ट दुसऱ्या आळीत, दुसऱ्या समाजाच्या घरी विचारा, आणि बायकांना वेगळी विचारा. कुठलं पात्र गाळलं जातं, शेवटचं वाक्य कुठं बदलतं, ते टिपा. मावशीचं ते शेवटचं वाक्य मला औंढ्यात पुन्हा कुणाच्याच तोंडून ऐकायला मिळालं नाही.